डावीकडचा सिंह

मथुराबाई कुणालाही आपल्या डावीकडे बसू देत नसत. कंपनीच्या बसमध्ये त्यांची जागा ठरलेली होती, डाव्या बाजूची खिडकी. कॅन्टीनमध्ये डावा खांदा भिंतीला टेकेल असाच बाक त्या पकडत. एखादी नवीन मुलगी चुकून त्या बाजूला बसलीच, तर तिला दंडाला धरून उठवत आणि उजवीकडे आणून बसवत.

"डावीकडून बोलणारं माणूस खोटं बोलतं," त्या म्हणत. "इकडं बस, मग सांग काय सांगायचं ते."

मुली हसत. बसमध्ये पुढे बसलेले आम्ही स्टाफचे लोकही हसायचो.

खडोलीतल्या आमच्या कारखान्यात पॉलिएस्टरचा धागा तयार होतो. मी तिथे प्रशासन बघते, म्हणजे हजेरी, बस, कॅन्टीन, गणवेश, तपासण्या आणि ज्याला दुसरं कुणी वाली नाही असं प्रत्येक काम. मूळची मी चिपळूणची, पण सिल्वासात आता इतकी वर्षं झाली की माझ्या याद्यांत गुजराती शब्द कधी शिरले ते कळलं नाही. मथुराबाई साक्रीकडच्या. ठेकेदाराच्या हजेरीवर, पॅकिंगमध्ये. मुलगा-सुनेबरोबर सिल्वासाच्या वाटेवरच्या चाळीत एका खोलीत राहत.

त्यांची खरी जागा मात्र अंधाऱ्या खोलीत होती. धाग्याच्या बॉबिनी साध्या उजेडात सगळ्या सारख्याच दिसतात. पण दोन वेगळ्या लॉटचा धागा एका कापडात गेला, की रंगवल्यावर त्यावर पट्टे उमटतात आणि सुरतेचा व्यापारी सगळा माल परत पाठवतो. म्हणून पॅकिंगच्या आधी प्रत्येक ट्रॉली त्या खोलीत नेतात. आत जांभळ्या प्रकाशाच्या ट्यूब असतात. त्या प्रकाशात एका लॉटच्या बॉबिनी एकाच निळ्या छटेत चमकतात आणि चुकून मिसळलेली परकी बॉबिन एकदम वेगळी उठून दिसते. तशी दिसली की मथुराबाई तिला खुंटीवरून उपटून ओरडत, "सवत निंघनी!"

मग खोलीतल्या मुली एका सुरात विचारत, "कुणाची वं मावशी?"

"मिश्राची!"

मिश्रा हा ठेकेदाराचा सुपरवायझर. बिचारा बाहेर काचेपलीकडे उभा असे. त्याला अहिराणी कळत नसे, पण आपलं नाव कळे.

आपल्या नजरेचा मथुराबाईंना भारी तोरा होता. चाळीतल्या सगळ्यांच्या सुया त्या ओवून देत आणि प्रत्येक सुईमागे एक टोमणा मारत. "डोळे काय फक्त काजळ घालायला दिलेत का देवानं?" स्वतः मात्र रोज काजळ घालत. घरचं, तुपाच्या दिव्यावर धरलेलं, जाड. जांभळ्या प्रकाशात त्यांचे दात आणि डोळ्यांतला पांढरा भाग चमके आणि मधे ते काजळ काळंभोर दिसे. नवीन मुली पहिल्या दिवशी बिचकत.

त्यांनी त्या खोलीत एक नियम आणला होता. "मान फिरवायची नाही, ट्रॉली फिरवायची." बाकीच्या बायका ट्रॉलीभोवती फिरून, वाकून, माना वळवून बघत. मथुराबाईंनी फरशीवर खडूने एक फुली काढली. फुलीवर उभं राहायचं, सरळ समोर बघायचं आणि ट्रॉली हळूहळू स्वतःभोवती फिरवायची. प्रत्येक बॉबिन तुमच्या नाकासमोर येऊन हजेरी देऊन जाते. जी ऐकणार नाही तिच्या पाठीत धपाटा. थोड्याच दिवसांत व्यापाऱ्यांच्या तक्रारी कमी झाल्या. मिश्राने ते स्वतःच्या नावावर सांगितलं आणि मी नियम छापून भिंतीवर लावला. हा नियम त्यांना का सुचला असेल, हे आमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नाही. चांगली पद्धत सापडली की तिचं मूळ कोण शोधतं?

त्या वर्षी पॅकिंगच्या बायकांची सहल मी वासोण्याला नेली. तिथे जाळीच्या बसमधून सिंह दाखवतात. मथुराबाई नेहमीप्रमाणे डाव्या खिडकीत, शेजारी अंधाऱ्या खोलीतली त्यांची लाडकी रेखा, तिच्या शेजारी मी. एका वळणावर बस थांबली. अगदी रस्त्याला लागून, हात काढला तर लागेल इतक्या जवळ, एक सिंह उभा होता. झोपलेला नाही, चांगला उभा. तोंड आमच्याकडे. सगळी बस डाव्या बाजूला झुकली. कुणीतरी किंचाळलं. पोरींचे मोबाईल वर गेले.

मथुराबाई समोर बघत पिशवीतल्या शेंगा सोलत होत्या.

"मावशी, सिंह! डावीकडं!"

त्यांनी डोळे नाही वळवले. आधी मान, मग खांदे, मग सगळं अंग वळवलं, एखादं कपाट सरकवावं तसं. तोवर सिंह जाळीला लागून पुढे आला होता आणि त्यांच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता. मथुराबाईंच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. मी त्यांना घाबरलेलं बघितलं ते तेवढंच. पण ती भीती सिंहाची नव्हती असं मला नंतर वाटू लागलं. ज्या खिडकीत त्यांनी काहीच बघितलं नव्हतं, तिथे आधीपासून काहीतरी उभं होतं, याची ती होती.

लगेच सावरून त्या म्हणाल्या, "हाऊ काय सिंह! मना सासरा याच्यापेक्षा मोठी जांभई दे." बस हसली आणि पुढे निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात खडोलीच्या शाळेत मोफत नेत्रशिबिर झालं. मोतीबिंदूवाल्यांना तिथूनच गाडीतून नेऊन ऑपरेशन करून परत आणायचं, अशी सोय होती. चहा-बिस्किटं कंपनीची, म्हणून मीही हजर होते. मथुराबाई चाळीतल्या सात-आठ म्हाताऱ्या गोळा करून पुढाऱ्यासारख्या आल्या.

मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, माझा पण डावा दाखवून टाकते. बरीच वर्षं झाली, त्या बाजूनं धूर धूर आहे. माझ्या आईचं असंच होतं. मोती आहे. पिकला की शिबिरात काढतात, मग लख्ख. मी पिकायची वाट बघत होते."

"दाखवलं नाही मग कधी?"

"कच्चा काढत नाहीत ना. म्हणून तर थांबले. मना डोया आजून पिकना नही, असं म्हणत म्हणत राहिलं."

त्यांचा हिशेब त्यांच्या दृष्टीने चोख होता. आईचा मोतीबिंदू पिकला, फुकटात निघाला आणि आई पुढे कित्येक वर्षं जात्यावर बसून दळत राहिली. त्यांच्या गावात डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू आणि मोतीबिंदू म्हणजे थांबणं. थांबायला पैसे पडत नाहीत.

डॉक्टर तरुण होती. तिने बॅटरीने बघितलं, डोळ्याचा दाब मोजला, परत बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "मावशी, हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. आतली नस सुकत चालली आहे. डाव्याची बरीच सुकली आहे, उजव्याची सुरुवात आहे."

"मोती नाही? नीट बघा की बाई."

"नीट बघितलं. गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती राखायची. हा थेंब रोज सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांत. जन्मभर."

"जन्मभर!" मथुराबाई म्हणाल्या. "थेंबाशी लगीन लावू काय मी?"

रांगेतल्या बायका हसल्या. डॉक्टर हसली नाही. तिने जवळची एक बाटली दिली आणि पुढची सिल्वासाच्या सरकारी दवाखान्यातून घ्या, तिथे मोठी तपासणीही करून घ्या, असं दोनदा बजावलं.

दुपारी गाडी आली. मथुराबाईंनी गोळा केलेल्या म्हाताऱ्या तिच्यात बसल्या. त्यांनीच त्यांना हात देऊन चढवलं. त्या सगळ्या दोन दिवसांनी काळे चष्मे लावून, नव्या नवऱ्यांसारख्या मिरवत परत आल्या. गाडी निघताना मथुराबाई शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या, मुठीत ती लहानशी बाटली धरून. डावीकडून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. त्यांनी घंटी ऐकली, दचकून उलट्या बाजूला बघितलं.

मी चौकशी करत राहिले. माझी तशी सवयच आहे. थेंब चालू आहे, असं त्या प्रत्येक वेळी सांगत. एकदा कॅन्टीनमध्ये मी त्यांना थेंब घालताना बघितलं. डाव्या डोळ्यात एक थेंब, बाटलीला टोपण, बाटली कमरेला.

"उजव्यात?"

"उजवा चांगला आहे. चांगल्याला कशाला औषध? घरात एक पोरगं आजारी पडलं म्हणून दुसऱ्याला सुई टोचतो का आपण?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "एकातच घातलं की बाटली दुप्पट चालते."

"सरकारी दवाखान्यात फुकट मिळते ना!"

"फुकट कुठं? सकाळची ओपीडी. म्हणजे खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची हजेरी गेली, वर महिन्याचा हजेरी-बोनस गेला. मिश्रा वेगळा बोंबलतो. तुमचं फुकट फार महाग असतं मॅडम."

मी त्यांना दुसऱ्या पाळीत टाकून घेतलं, म्हणजे सकाळ मोकळी राहील. दोन-तीनदा त्या गेल्याही. मग सुनेला दिवस गेले, सकाळचं पाणी भरणं मथुराबाईंकडे आलं आणि दवाखाना मागे पडला. ऑपरेशन असतं तर कुणीतरी पैसे दिले असते. कंपनीने दिले असते, मीही दिले असते. एकदाच द्यायचं असलं की देणारे भेटतात. रोज सकाळ-संध्याकाळ पडणाऱ्या थेंबाला देणगीदार नसतो. त्यात तो थेंब घालून काही बरं वाटत नाही, न घालून काही दुखत नाही. दुखलं असतं तर त्यांनी खाडा केला असता.

मग आली कारखान्याची वार्षिक आरोग्य तपासणी. तपासणीवाल्यांची दोन पॅकेजेस असतात. स्टाफसाठी पूर्ण, ठेकेदाराच्या कामगारांसाठी प्राथमिक. एकच गाडी, एकच दिवस. स्टाफला कॉन्फरन्स रूममध्ये नेलं. तिथे हनुवटी टेकवून बसायचं यंत्र होतं, ते डोळ्यावर हवेची एक फुंकर मारून दाब मोजत होतं. कामगारांसाठी कॅन्टीनच्या भिंतीवर आकड्यांचा तक्ता. एक डोळा झाका, वाचा, दुसरा झाका, वाचा.

मला चष्म्याचा नंबर बदलला की नाही एवढंच हवं होतं. यंत्रावरच्या मुलाने माझा दाब तीनदा मोजला आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाला. दाखवलं. काचबिंदू, सुरुवातीचा. दोन्ही डोळे.

मथुराबाईंनी तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आकड्यांचा तक्ता, दोन्ही डोळ्यांनी, न अडखळता. वाचणारच होत्या. काचबिंदू कडेने खात येतो, मधला भाग शेवटी. तक्ता भिंतीवर असतो, बरोबर समोर. त्यांच्या कार्डावर शिक्का पडला, "पास."

ते कार्ड त्यांनी गळ्यातल्या ओळखपत्रामागे घालून ठेवलं. बसमध्ये मी मागे जाऊन त्यांच्या उजवीकडे बसले आणि माझं निदान सांगितलं.

"तुम्हाला पण?" त्यांनी माझ्याकडे अख्खं अंग वळवून बघितलं. "मग आता?"

मी सांगितलं. सुरतेला तपासण्या झाल्या, विम्यातून खर्च निघाला, रजा पगारी होती, थेंब चालू केलेत, मोबाईलवर दोन्ही वेळचा गजर लावलाय.

"तुमचा साहेबी काचबिंदू. लाडका आहे," त्या म्हणाल्या. "माझा गेला. हे बघा."

त्यांनी कार्ड काढून दाखवलं.

"मथुराबाई, हा तक्ता त्यासाठी नसतो. तो फक्त समोरचं बघतो. थेंब बंद नाही ना केला?"

"शिबिरातली पोरगी म्हणते नापास, कंपनीचा डॉक्टर म्हणतो पास. पगार कोण देतं? कंपनी. मग मी कोणाचं ऐकू?"

बस हसली. मी पुन्हा सांगितलं, मग पुढच्या आठवड्यात पुन्हा, रेखाला घेऊन त्यांच्या खोलीवर जाऊनही सांगितलं. त्या चहा करत, मान हलवत, कार्डाला हात लावत. शिक्का असलेल्या कागदापुढे तोंडी बोलणं काय टिकणार? कागदापेक्षा तोंडी बोलणं खरं असू शकतं, हे आमच्याकडे कधी शिकवलंच जात नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांच्या कपाळावर, नडगीवर, कोपरावर खुणा दिसू लागल्या. विचारलं की त्या वस्तूंना शिव्या देत. दार मूर्ख होतं, बादली वाटेत आली, नात रांगत कुठून येते कळतच नाही. काजळ अधूनमधून डोळ्याबाहेर जाऊ लागलं. कॅन्टीनमध्ये समोरची भाकरी त्या नीट मोडत आणि बाजूच्या वाटीतली भाजी विसरून तशीच उठत.

अंधाऱ्या खोलीत काय चाललं होतं ते फक्त रेखाला माहीत होतं. मावशी आता ट्रॉली फार सावकाश फिरवत. हाताने खुंट्या चाचपत, एकेक बॉबिन नाकासमोर आणत. वरच्या आणि खालच्या ओळी सुटत. मावशींनी पास केलेली प्रत्येक ट्रॉली ती दाराशी घेऊन गुपचूप पुन्हा एकदा फिरवी.

मग रेखा भावाच्या लग्नाला गावी गेली.

त्या आठवड्याचा माल सुरतेहून परत आला. साडीच्या कापडावर हातभर अंतरावर पट्टे. गोदामात गठ्ठे उघडले तेव्हा मी तिथे होते. सगळ्या पेट्यांवर तपासणारीचा क्रमांक मथुराबाईंचा. मिश्रा त्यांना अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला आणि एका ट्रॉलीवर मुद्दाम परक्या बॉबिनी लावल्या. पाच-सहा तरी असतील.

"देखो और बताओ."

मथुराबाई खडूच्या फुलीवर उभ्या राहिल्या. ट्रॉली फिरवली, पूर्ण एक फेरा. मग दुसरा. खोलीतल्या मुली भिंतीला लागून उभ्या होत्या. परक्या बॉबिनी त्या सगळ्यांना दारातूनच दिसत होत्या. मलाही दिसत होत्या.

"सवत नाही," मथुराबाई म्हणाल्या. "साफ आहे."

कुणी विचारलं नाही कुणाची म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मिश्राने हजेरीवरून नाव काढलंच होतं, त्यामुळे या वेळी खाडा मोजायचा प्रश्न नव्हता. नजरेचा घेर मोजायची तपासणी अशी असते. एका अर्धगोलात तोंड घालून मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. कडेला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. माझी झालेली आहे. बटणाची टिकटिक सतत चालू असते, हात दमतो.

मी दाराबाहेर बाकावर बसले होते. आतून यंत्राची घुरघुर येत होती. बटण एकदा वाजलं. मग पुन्हा एकदा. मग काहीच नाही. यंत्र थांबलं असेल म्हणून मी उठून दारातून बघितलं. ते चालू होतं. उजेड एका मागून एक कडेला लुकलुकत होते आणि मथुराबाई ताठ बसून, बटणावर अंगठा ठेवून, डोळे ताणून वाट बघत होत्या. तंत्रज्ञ मुलगी माझ्याकडे बघून नुसती मान हलवत होती.

बाहेर आल्या त्या खुशीत.

"आपल्याच खोलीसारखी आहे की! सोपी होती. पण मॅडम, त्यांच्या मशीनला लाइट फारच कमी लावलेत हो."

मी तपासणीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मग त्यांचा हात माझी बाही शोधत आला आणि धरून राहिला.

नंतर जे करायचं ते सगळं झालं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दवाखान्याने केलं, उरलेलं राखण्यासाठी. दोन्ही डोळ्यांचे थेंब चालू झाले, आणायला सून जाते. अंधाऱ्या खोलीत त्या परत गेल्या नाहीत. नियम मात्र आहे. मुली अजून खडूच्या फुलीवर उभ्या राहून ट्रॉली फिरवतात.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते एका रविवारी सकाळी. बदलीने मी दादऱ्याच्या शाखेत चालले होते, म्हणून निरोप घ्यायला गेले. चाळीच्या ओट्यावर त्या भिंतीला डावा खांदा लावून बसल्या होत्या, मांडीवर गोधडी. सुई डोळ्यांसमोर धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका फटक्यात ओवलं. मग गोधडीचा काठ शोधायला हात खाली गेला आणि मांडीवरच बराच वेळ फिरत राहिला. मी त्यांच्या उजवीकडे, दोन हातांवर उभी होते. पूर्वी ती बाजू खऱ्याची होती.

"मथुराबाई."

सुई थांबली. "मॅडम? कधी आल्या? बोलायचं नाही का!"

मी बसले. नातीचं झालं, रेखाचं झालं, मिश्राला यथेच्छ नावं ठेवून झाली. तेवढ्यात माझ्या मोबाईलचा गजर वाजला.

"थेंब?" त्यांनी विचारलं. "घाला. वेळ चुकवायची नाही."

मी पर्समधून बाटली काढली आणि मान मागे करून थेंब घातले. त्यांनी अंग वळवून माझ्या दिशेने तोंड केलं होतं.

"दोन्हीत घातले?"

"दोन्हीत."

"इकडं ये," त्या म्हणाल्या. मला त्यांनी तोवर कधी एकेरी हाक मारली नव्हती. "उभी राहा. समोर."

त्या उठल्या. दोन्ही हातांनी चाचपत माझे खांदे पकडले आणि मला जागच्या जागी हळूहळू फिरवायला सुरुवात केली, अगदी थोडं थोडं. मान न हलवता, सरळ समोर बघत. कान गेला, पाठ गेली, दुसरा कान आला. पूर्ण फेरा झाला आणि माझा चेहरा पुन्हा त्यांच्या समोर आला, इतका जवळ की काजळाचा वास यावा. एक डोळा बघितला. मग मला जराशी सरकवून दुसरा बघितला.

"पास," त्या म्हणाल्या आणि माझे खांदे सोडले.